भाड्याच्या गाडीतली सुरमई

गाडी घ्यायचं ठरलं ते रिक्षावाल्यांमुळे. चेन्नईच्या ऑटोरिक्षांना त्या काळात मीटर नव्हते असं नाही. होते, पण देवघरातल्या शंखासारखे. पुसूनबिसून ठेवलेले, वाजवत कुणी नाही. आम्ही राहायचो अंबत्तूरला आणि माझं ऑफिस शोळिंगनल्लूरला, म्हणजे शहराच्या एका टोकाला झोपायचं आणि दुसऱ्या टोकाला पोट भरायचं. कंपनीची बस होती. ती सकाळी पावणेसातला कोपऱ्यावर यायची आणि संध्याकाळी सहाच्या ठोक्याला ऑफिसातून सुटायची. माझं काम ज्यांच्याशी होतं त्यांची सकाळ आपल्या संध्याकाळी उजाडायची, त्यामुळे आठवड्यातून तीनदा माझी बस चुकायची आणि तीनदा मी रस्त्यात उभी राहून रिक्षावाल्याशी भांडायचे. भांडताना माझं तमिळ माझ्या मराठीपेक्षा चांगलं असतं, कारण मी लहानाची मोठी झाले ती पेरंबूरच्या रेल्वे कॉलनीत. तरीही हरायचे मीच.

घरात आम्ही तिघं. आई, बाबा आणि अठ्ठावीस वर्षांची मी. गाडी घ्यायची म्हटल्यावर दोन वाटा होत्या. एक तर बँकेचं कर्ज काढून स्वतःच्या नावावर घ्यायची. नाहीतर आमच्या कंपनीची एक योजना होती, त्यातून तीन वर्षांसाठी भाड्याने घ्यायची. भाडं दरमहा पगारातून कापलं जायचं आणि तेही कर लागण्याच्या आधी. विमा, सर्व्हिसिंग, टायर सगळं भाडेवाल्यांकडे. तीन वर्षांनी गाडी परत करा, किंवा तेव्हाची ठरलेली किंमत देऊन ठेवून घ्या.

मी कॉम्प्युटरवाली बाई. दोन वाटा दिसल्या की मला तक्ता केल्याशिवाय राहवत नाही. एका बाजूला 'विकत', दुसऱ्या बाजूला 'भाडं', खाली हप्ते, व्याज, विमा, दुरुस्ती, टायर, आणि शेवटी जुनी गाडी विकून काय मिळेल तेही. शनिवारी सकाळी मी जाहीर केलं की भाड्याची गाडी चाळीस-पंचेचाळीस हजारांनी स्वस्त पडते. आईने "बरं" म्हटलं आणि कुकर लावला. बाबांनी मात्र तक्त्याचा कागद मागून घेतला, चष्मा लावला आणि ते खुर्ची खिडकीजवळ ओढून बसले.

बाबांना कागद देणं ही माझी चूक होती. रेल्वेच्या कारखान्यात ते स्टोअर्समध्ये होते. छत्तीस वर्षं त्यांनी माल दिला आणि माल घेतला, आणि दोन्ही वेळेला सही घेतली. आमच्या क्वार्टरमधल्या पंख्यावर पांढऱ्या रंगाने नंबर लिहिलेला होता, दारांवर होता, परसातल्या आंब्याच्या झाडावरसुद्धा होता. आंबे आम्ही खायचो, पण बाबा बजावायचे, "फांदी मोडू नकोस, झाड रेल्वेचं आहे." निवृत्त झाले त्या दिवशी क्वार्टरचा चार्ज घ्यायला माणूस आला तेव्हा बाथरूमच्या खिडकीची काच तडकलेली निघाली. बाबांनी स्वतःच्या पैशाने नवी बसवली आणि त्याची पावती जोडली. मग आम्ही अंबत्तूरच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये आलो. तोवर बाबांच्या मालकीची सगळ्यांत मोठी वस्तू म्हणजे शिलाई मशीन, आणि तेही आईचं होतं.

म्हणून त्यांना गाडी विकत हवी होती. "एक तरी वस्तू घरात अशी असावी, जिच्यावर दुसऱ्याचा नंबर नाही," असं ते म्हणाले.

"गाडीवर पुढून आणि मागून नंबर असतो, बाबा," मी म्हणाले. माझा स्वभाव हा असा.

ते हसले नाहीत. त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "हे तीन कुणी लिहिलं?"

"कुठलं तीन?"

"वर्षं. तीन."

"योजनाच तीन वर्षांची आहे."

"भाड्याची योजना तीन वर्षांची. ते ठीक. पण विकतच्या रकान्यातही तीन लिहिलंयस. स्वतः विकत घेतलेली गाडी तीन वर्षांनी कोण विकतं? तिथे दहा टाक बघू."

मी कॉम्प्युटर लावला आणि दोन्हीकडे दहा टाकलं. सगळे आकडे फिरले. हप्ते पाच वर्षांत संपत होते, पुढची पाच वर्षं नुसतं पेट्रोल आणि डागडुजी. भाडं मात्र दहा वर्षं चालूच. विकतची गाडी इतकी स्वस्त पडायला लागली की मला स्वतःच्या तक्त्याची लाज वाटली. मी पाच टाकून पाहिलं, सहा टाकून पाहिलं. सगळा खेळ त्या एका चौकोनाचा होता. गाडी किती वर्षं ठेवणार ते सांगा, मग कोणती स्वस्त ते आपोआप कळतं.

बाबांनी कागदाची घडी घालून मला परत दिली. मग उठता उठता म्हणाले, "ज्याला बदलीची वाट असते तो कपाट घेत नाही. ट्रंका घेतो."

आणि ते गॅलरीतल्या कढीपत्त्याला पाणी घालायला गेले.

खरं सांगायचं तर मला जायचं होतं. आमच्या विभागात ज्याच्या-त्याच्या ड्रॉवरमध्ये पासपोर्ट असायचा. आज हा गेला, उद्या ती गेली; दोन वर्षांसाठी म्हणून गेलेले कुणी दोन वर्षांत परत आलेले मी पाहिले नव्हते. मलाही जायचं होतं, आणि घरी कसं सांगायचं ते कळत नव्हतं. ताकाला जाऊन भांडं लपवण्याचा प्रकार चालला होता. बाबांनी ते भांडं विकतच्या रकान्यात नेमकं पकडलं. मला वाटलं आता भांडण होईल. झालं नाही. संध्याकाळी चहा पिताना ते म्हणाले, "भाड्याची घे. पैसे तुझे जाणार आहेत." मला ते भांडणापेक्षा जास्त लागलं.

एप्रिलच्या सुरुवातीला गाडी आली. छोटी, रुपेरी, आतून नव्या प्लास्टिकच्या वासाची. आईने कुंकू लावलं, नारळ फोडायला घेतला तेव्हा बाबांनी तिला चार पावलं लांब नेलं, न जाणो करवंटीचा तुकडा उडायचा. मग आत येऊन त्यांनी एक वही काढली, उभ्या-आडव्या रेघा मारल्या आणि गाडीचा चार्ज घेतला. जॅक एक, पाना एक, जादा चाक एक, पायपुसणी चार, सिगारेट पेटवायचं यंत्र एक. शेवटच्या वस्तूपुढे शेरा होता, 'वापरात नाही'.

माझी कल्पना अशी होती की भाड्याची गाडी म्हणजे डोक्याला ताप नाही. खरचटलं तर त्यांचं, बिघडलं तर त्यांचं. करारात तसं लिहिलेलंही होतं. रोजच्या वापराची झीज धरलेली होती. पण छत्तीस वर्षं दुसऱ्याचा माल सांभाळलेल्या माणसाला झीज धरलेली असते हे कुणी पटवून द्यायचं? बाबांच्या मते दुसऱ्याची वस्तू घेतली तशीच परत द्यायची असते, आणि शक्य असेल तर थोडी बरी करून. त्यामुळे गाडीत खायचं नाही असा नियम आला. पाणी पिताना गाडी थांबवायची. बसण्याआधी चपला एकमेकींवर आपटायच्या. मागच्या सीटवरचं प्लास्टिक काढायचं नाही, मग चेन्नईच्या मे महिन्यात आईची पाठ त्याला चिकटली तरी चालेल. आणि आरशाला दोरीने बांधलेली एक लॉगबुक होती. तारीख, कुठून, कुठे, किलोमीटर, प्रयोजन, सही. मी ऑफिसला जायचे तरी प्रयोजन लिहायचे. पहिल्या महिन्यात एकदा वैतागून मी 'प्रयोजन' खाली 'पोटासाठी' लिहिलं. बाबांनी ते खोडून 'कार्यालयीन' केलं आणि खोडलेल्या जागी छोटी सही मागितली.

त्यातून त्यांनी करारातलं सगळ्यांत बारीक अक्षर वाचून काढलं. वर्षाला अठरा हजार किलोमीटर. त्यापुढे गेल्यास किलोमीटरमागे जादा आकार.

झालं. तिथून पुढे किलोमीटर रेशनवर गेले. रोज गाडीने गेलीस तर वर्षाच्या शेवटी अडीअडचणीला काय राहील, असं म्हणून बाबांनी मला आठवड्यातले दोन दिवस पुन्हा कंपनीच्या बसने पाठवायला सुरुवात केली. भाजीला जायचं तर आई चालत. देवळात जायचं तर शेअर ऑटो. खाली गाडी उभी, तिचं भाडं माझ्या पगारातून चाललेलं, आणि मी पावणेसातला कोपऱ्यावर उभी. एकदा बसमध्ये मैत्रिणीने विचारलं, "तुझी गाडी नादुरुस्त आहे का?" मी हो म्हणाले. खरं सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

आणि मग मार्च आला.

ज्यांच्या घरात कुणी सरकारी नोकरीत नव्हतं त्यांना मार्च म्हणजे परीक्षा वाटते. आमच्याकडे मार्च म्हणजे बजेट. वर्षभर एक पेन्सिल मागितली तर तीन अर्ज करायला लावणारा माणूस मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पेन्सिलींची पेटी मागवतो, कारण ३१ तारखेला न खर्चलेला पैसा परत जातो. बाबांनी १५ मार्चला लॉगबुकची बेरीज केली आणि त्यांचा चेहरा उतरला. जवळजवळ साडेतीन हजार किलोमीटर शिल्लक होते.

"लॅप्स होणार," ते म्हणाले.

"होऊ देत."

"होऊ देत काय? भाडं भरलेलं आहे त्याचं."

त्या पंधरा दिवसांत आम्ही जेवढे फिरलो तेवढे मी जन्मात फिरले नव्हते. मी ऑफिसातून दमून आले की बाबा पँट-शर्ट घालून दारात तयार. कांचीपुरम झालं, महाबलीपुरम झालं, एका रविवारी नुसतंच तिरुपतीच्या रस्त्याला लागून अर्ध्या वाटेवरून परत आलो, कारण देवदर्शन हा हेतू नव्हताच. खालच्या मजल्यावर तंजावरकडचं एक मराठी कुटुंब होतं, पिढ्यान् पिढ्या तिकडेच राहिलेलं. तिथल्या मावशी बोलायला लागल्या की बखर उघडल्यासारखं वाटायचं. बाबांनी त्यांनाही गळ घातली.

"कोठे जावयाचे?" मावशींनी विचारलं.

"तुम्ही म्हणाल तिथे."

"आम्हांस कोठेच काम नाही की."

"आम्हालाही नाही," बाबा म्हणाले, "म्हणूनच विचारतोय."

मावशी आल्या नाहीत. त्यांनी आईला बाजूला घेऊन, यांची तब्येत बरी आहे ना, असं मात्र विचारलं.

मार्चच्या शेवटच्या रविवारी आम्ही कोवलमला गेलो. सकाळी लवकर निघालो होतो. पोहोचलो तेव्हा होड्या वाळूवर येऊन लागलेल्या होत्या आणि बायका टोपल्या मांडून बसल्या होत्या. माझी आई रत्नागिरीची. अंबत्तूरच्या बाजारात बर्फातला मासा घेताना तिचा चेहरा सुतक असल्यासारखा व्हायचा. इथे तिला एका टोपलीत सुरमई दिसली. सुरमईला तिथे वंजरम म्हणतात, पण आईने नाव विचारलं नाही, सरळ गालफड उघडून पाहिलं. घासाघीस केली, तीही मराठीत. कोळीण तमिळमध्ये भांडत होती आणि दोघींचं उत्तम चाललं होतं. दोन किलोंची अख्खी सुरमई घेऊन आई विजयी मुद्रेने गाडीकडे आली.

बाबा दारासमोर उभे होते. "ही कुठे ठेवणार?"

"गाडीत."

"वास जात नाही. गाडी परत द्यायची आहे."

"परत द्यायला दोन वर्षं आहेत."

"पाणी गळतंय तिचं."

"मासा आहे तो. गळणारच."

बाबांना मासे आवडत नाहीत असं नाही. पण मासा हा थेट ताटात प्रकट व्हावा असं त्यांचं मत आहे. त्या सकाळी त्यांनी आम्हा दोघींना पाय बाटलीतल्या पाण्याने धुवायला लावले होते, खाली वर्तमानपत्रं अंथरली होती, आणि आता ही सुरमई. ते दारातून हलेनात. आईने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"ठीक आहे," ती म्हणाली. "तुम्ही दोघं तुमच्या किलोमीटरने या. मी आणि सुरमई बसने येतो."

आम्हाला वाटलं, म्हणतेय नुसती. ती खरोखरच चालत मुख्य रस्त्यापर्यंत गेली आणि तिरुवान्मियूरकडे जाणाऱ्या बसमध्ये चढली. बसमध्ये अर्ध्या कोळणीच होत्या. आईला त्यांनी लगेच जागा दिली. मग पुढे बस आणि मागे आमची गाडी अशी वरात निघाली. बस थांबली की मी थांबायचे. बस निघाली की मी निघायचे. आई खिडकीशी बसली होती आणि तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. शेजारच्या बाईशी मात्र हातवारे करून छान बोलत होती. बाबा माझ्या शेजारी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ताठ बसले होते. दोन थांब्यांनंतर ते म्हणाले, "जवळ ठेव. मध्ये कुणाला घुसू देऊ नकोस." मला हसू दाबता येईना. हसले तर गाडीतून उतरवतील अशी भीती होती, आणि गाडी मी चालवत होते.

तिरुवान्मियूरला आई उतरली, पिशवी सावरली आणि पुढची बस शोधायला लागली. बाबा धावत गेले. काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. परत आले तेव्हा पिशवी बाबांच्या हातात होती. त्यांनी पुढची सीट मागे सरकवली, बसले आणि सुरमई चक्क मांडीवर घेतली.

"बाबा, शर्ट," मी म्हणाले. नवा होता, पांढरा.

"असू दे. शर्ट माझा आहे."

त्या एका वाक्यावर मी पुढचा तासभर गाडी चालवली. पाणी त्यांच्या शर्टावरून पँटवर उतरत होतं, ते खाली जाऊ नये म्हणून ते गुडघे जुळवून, टाचा उचलून बसले होते. अंबत्तूर येईपर्यंत त्यांनी टाचा टेकवल्या नाहीत. या माणसाला एखादी वस्तू बिनधास्त खराब करायला मिळावी म्हणून ती त्याची स्वतःची असायला हवी होती, आणि मी चाळीस-पंचेचाळीस हजार वाचवले होते. मला फार वाईट वाटलं. गाडीतून उतरल्यावर मी लॉगबुक पुढे केली. बाबांनी ओल्या हाताने प्रयोजन लिहिलं, 'मासे', आणि सही केली. सुरमई उत्तम होती.

वाईट वाटलं म्हणून माणूस बदलतो असं नाही. मी नव्याने तक्ता केला नाही की जाण्याचा विचार सोडला नाही. पुढची दोन वर्षं तशीच गेली. मार्चमध्ये भटकंती, एरवी काटकसर. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी मला परदेशातल्या कामावर पाठवायचं ठरलं. दोन वर्षांसाठी. मी घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "थंडी फार असेल ना गं तिथे?" आणि बाबा म्हणाले, "म्हणजे गाडीची मुदत आणि तुझी, दोन्ही एकदमच संपतात." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. चांगला हिशोब जुळल्यावर बोलावं तसे ते बोलले, आणि ते ऐकून मला रडू आलं. तक्रार केली असती तर मला भांडता तरी आलं असतं.

मी माझ्या परीने शहाणपणा केला. बाबांना समजावलं की गाडी परत करू. तुम्हा दोघांना महिन्यातून चारदा बाहेर जायचं असेल तर फोन केला की टॅक्सी येते, तीही मीटरने. उभी गाडी पैसे खाते. विमा, बॅटरी, टायर, सगळं न वापरताच जुनं होतं. मी तेही कागदावर मांडून दाखवलं. यावेळी कितीही वर्षं टाकली तरी टॅक्सीच जिंकत होती. बाबांनी कागद शांतपणे वाचला, "बरोबर आहे" म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन मुदतठेव मोडून आले.

भाडेवाल्यांचा माणूस कागदपत्रं घेऊन आला. गाडी तुम्हीच घेताय म्हटल्यावर त्याला काहीच तपासायचं नव्हतं, पण बाबांनी त्याला खाली नेलं आणि वही उघडून एकेक वस्तू मोजायला लावली. जॅक एक, पाना एक. "पर्वा इल्लै, सार," तो बिचारा म्हणत होता, राहू द्या साहेब. "आता तुमचीच आहे."

"आधी तुमची होती ती पूर्ण आहे ना, ते बघा," बाबा म्हणाले. "मग माझी."

त्याने सही केल्यावर बाबा बराच वेळ गाडीभोवती फिरत राहिले. मी वरून गॅलरीतून पाहत होते.

"चालवणार कोण पण?" मी आईला विचारलं. बाबांना एका डोळ्याने कमी दिसायचं. लायसन्स मिळणं शक्य नव्हतं. मी विचारत होते ते जरा विजयाने. हौसेला मोल नसतं हे खरं, पण हौसेला निदान ड्रायव्हर लागतो.

आईने कपाटातून पासपोर्ट आकाराचे चार फोटो काढले. त्याच आठवड्यात तिने ड्रायव्हिंग स्कूलला नाव घातलं होतं. अठ्ठावन्न वर्षांची बाई. फोटोत ती कोवलमच्या बसमध्ये दिसली होती तशीच दिसत होती, समोर बघत.

मी गेले. फोनवर आईचे पराक्रम कळत राहिले. पहिल्या परीक्षेत नापास, दुसऱ्यांदा पास. गिअर बदलताना ती त्याला नावं ठेवते, असं बाबा म्हणाले. एकदा दोघं अण्णानगरपर्यंत जाऊन आले आणि बाबांनी ती बातमी मला अशी दिली की जणू हिमालय ओलांडला.

अकरा महिन्यांनी मी पहिल्यांदा घरी आले. मुंबईहून सकाळच्या विमानाने मीनंबाक्कमला उतरले. बाहेर नेहमीप्रमाणे टॅक्सीवाले हाका मारत होते. घरी जायला सगळ्यांत स्वस्त काय, हे माझ्या डोक्यात तेव्हाही चालूच होतं. तेवढ्यात पार्किंगच्या बाजूने ती रुपेरी गाडी आली. इतकी हळू की तिच्या बाजूने एक ट्रॉलीवाला पुढे निघून गेला. आई दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसली होती आणि बाबा खिडकीतून हात बाहेर काढून मागच्या सगळ्या वाहनांना थांबवत होते.

बॅगा चढल्या. मी मागे बसले. किलोमीटरच्या आकड्याकडे माझं लक्ष गेलंच. मी गेले तेव्हापासून गाडी जेमतेम सहाशे किलोमीटर चालली होती. मी मनातल्या मनात विमा, ठेवीचं बुडालेलं व्याज आणि बॅटरी धरून भागाकार केला. मग ते मनात ठेवणं मला जमलं नाही.

"बाबा, एका किलोमीटरला तुम्हाला काय पडलं माहितीये? तेवढ्यात रोज टॅक्सी उभी करता आली असती दारात."

"उभी केली असती," बाबा मागे वळून म्हणाले. "पण टॅक्सीवाला थांबायचे वेगळे पैसे लावतो. आम्ही दोघं अकरा महिने थांबलोय. त्याचं किती झालं असतं, तेवढं जरा काढून सांग."

आईने गिअरला नावं ठेवली, गाडी दोनदा गचकली आणि निघाली.